ओल आणि खरखर

मराठी भाषेत जितके लोक रोज कात टाकतात, तितके साप साऱ्या सह्याद्रीत मिळून टाकीत नसतील. महामंडळे कात टाकतात, नगरपालिका कात टाकतात, जुनी नाटके नव्या संचात कात टाकतात, आणि निवडणुकीच्या तोंडावर तर पक्षच्या पक्ष कात टाकून सळसळू लागतात. वर्तमानपत्रांतल्या या कात टाकण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ते काम एका रात्रीत होते, सुखाने होते, आणि टाकणारा त्यातून अधिक तेजस्वी होऊन बाहेर पडतो. भाषेने हा वाक्प्रचार सापाकडून उसना घेतला खरा, पण घेताना सापाला काही विचारलेले दिसत नाही. विचारले असते तर त्याने सांगितले असते की, प्रत्यक्ष टाकण्याची घटका सर्वांत सोपी. त्याच्या आधीचे दहाबारा दिवस मात्र मोठे कठीण.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. गेली काही वर्षे आमच्या दिल्लीतील सरकारी निवासस्थानात एक साप राहत आहे, आणि त्याच्या काती आम्ही या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

साप पाळणे हा आमच्या घराण्याचा कुलाचार नव्हे. आमचे मूळ गाव राजापूरकडचे. तेथे नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढून त्यास लाह्या वाहत, त्या दिवशी घरात चिरणे-कापणे बंद ठेवीत आणि परड्यात दिसणाऱ्या जुन्या सर्पास राखणदार मानून वाट करून देत. पण वाट करून देणे वेगळे आणि बिऱ्हाड करून देणे वेगळे. बिऱ्हाड करून देण्याचा मान आमच्या कन्येकडे जातो. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकत असताना एका मैत्रिणीचे कुटुंब परदेशी निघाले आणि त्यांचा साप पोरका होऊ लागला, म्हणून तिने तो घरी आणला. हा साप 'बॉल पायथन' या जातीचा. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांचा, अजगरांच्या कुळातला पण आकाराने बेताचा, बिनविषारी. भ्याला म्हणजे डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट गोळा करून बसतो, म्हणून त्याचे हे नाव. आमच्या घरी त्याचे नाव 'लाडू' पडले. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो, हा तपशील कन्येने आम्हांस लाडू घरात आल्यानंतर सांगितला.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसास सापाकडे पाहण्यापेक्षा कायद्याकडे पाहणे सोपे वाटते, म्हणून आम्ही आधी कायदा वाचला. नाग, धामण, दिवड, आपल्याकडचा अजगर हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली येतात. त्यांना घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परदेशी जातींची गोष्ट निराळी. त्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली. पुढे २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. लाडूची नोंद कन्येने रीतसर केली. घरातील सर्वांची कागदपत्रे जुळत नसताना सापाची मात्र जुळली, याचा आम्हांस थोडा हेवाच वाटला.

आता कातीविषयी. 'कात' म्हटले की आमच्या पिढीस आधी विड्यातला कात आठवतो. या दोन कातींत तसे काही नाते नाही. परंतु चुना अधिक झाला की तोंड येते आणि ओल कमी झाली की साप अडतो, इतके प्रमाणाचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच.

आपली त्वचाही झडते, पण ती इतक्या बारीक कणांनी की झडल्याचे आपणास कळत नाही. सापाचे तसे नाही. त्याच्या अंगावरचे सर्वांत वरचे आवरण नखाच्या जातीचे, कठीण आणि मृत असते. आतला जीव वाढतो, ते वाढत नाही. शिवाय जमिनीवर घासून ते झिजते. तेव्हा जुन्या आवरणाखाली नवे पुरते तयार होते, दोहोंच्या मध्ये एक पातळ द्रव झिरपतो आणि जुने नव्यापासून सुटू लागते. हे चालू असताना साप पाहवत नाही. लाडूच्या अंगावरचे तपकिरी-सोनेरी पट्टे राख फासल्यासारखे होतात, पोट गुलाबी दिसू लागते, आणि एके सकाळी त्याचे डोळे निळसर दुधाळ झालेले असतात. सापाला पापण्या नाहीत. त्याच्या डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक असा एक खवला कायमचा बसविलेला असतो, आणि कातीबरोबर तोही बदलतो. तो द्रव या खवल्याखालीही येतो, म्हणून डोळे दुधाळ होतात आणि त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही.

दिसत नाही म्हणून तो भितो, आणि भितो म्हणून चिडतो. एरवी हातावर खुशाल वेटोळे घालणारा लाडू त्या दिवसांत फुत्कारतो, अन्नाकडे पाठ फिरवतो आणि आपल्या डबीतून बाहेर येत नाही. त्या दिवसांत त्यास हात लावू नये, खाऊ घालण्याचा आग्रह धरू नये, हा पहिला नियम. चारपाच दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. अनभिज्ञ माणसास वाटते की संकट टळले. वस्तुतः काम आता सुरू व्हायचे असते. आणखी काही दिवसांनी साप आपले नाक दगडाला, लाकडाला घासू लागतो. ओठांपाशी कात उलगडते, आणि मग तो पुढे सरकत राहतो आणि कात मागे उलटी होत जाते. पायमोजा काढताना आतली बाजू बाहेर यावी, अगदी तशी. सारे ठीक असेल तर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती एकसंध निघते.

"सारे ठीक असेल तर" हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. सरकारी आदेशांत जसे "निधीच्या उपलब्धतेनुसार" असते, तसे ते येथे आहेत.

कात नीट निघण्यास काय लागते याविषयी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम केलेल्या पी. जे. देवरसांचे भारतीय सापांवरील पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले; त्यापासून अगदी अलीकडच्या पशुवैद्यकीय ग्रंथांपर्यंत कन्येच्या कपाटात एक रांगच आहे. परंतु या विषयाचे सार आम्हांस आमच्या मातोश्रींनी दोन शब्दांत सांगितले. त्यांचे वय चौऱ्याऐंशी, आणि लाडूच्या खोलीत त्यांनी पहिले सहा महिने पाऊल टाकले नव्हते. एकदा दारातूनच त्यांनी विचारले, "अरे, हा कात काढतो कशावर?" आम्ही काचेची गुळगुळीत पेटी दाखविली. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कात सापडायची ती गडग्याच्या फटीत, नाहीतर करवंदीच्या जाळीत. उघड्या अंगणात कधी सापडली नाही. त्याला ओल हवी आणि खरखर हवी. बाकीचे त्याचे तो बघतो."

ओल आणि खरखर! पुस्तकांतील सारे प्रकरण त्या दोन शब्दांत मावते. ओल म्हणजे हवेतील दमटपणा. या जातीस तो एरवी ५५ ते ६५ टक्के असावा, कात येण्याच्या दिवसांत सत्तरच्या पुढे गेला तरी बरे. पण पायाखालची जमीन चिंब असून भागत नाही, तसे झाले तर पोटाखालचे खवले कुजतात. म्हणून पेटीत नारळाच्या सोडणांचा चुरा पसरतात. तो पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडा राहतो. कोकण सोडून तीन पिढ्या झाल्या, तरी सोडणांनी आमचा पिच्छा सोडला नाही, आणि तीही आता पिशवीत भरून विकत मिळतात! जोडीस ओल्या शेवाळाने भरलेली एक झाकणाची डबी, तिला आत शिरण्यापुरते भोक. आणि अंग बुडेल एवढे पाण्याचे पसरट भांडे. खरखर म्हणजे एक ओबडधोबड लाकूड आणि एक खडबडीत दगड. लाकूड आम्ही आणले. दगड मातोश्रींनी आमच्याबरोबर उद्यानात फिरताना स्वतः निवडला.

या व्यवस्थेत लाडूने चारपाच काती निर्वेध टाकल्या. अडचण आली ती एका जानेवारीत.

दिल्लीचा जानेवारी ज्यांनी काढला आहे त्यांना तो सांगावयास नको. बाहेर धुके एवढे दाट की, समोरच्या सदनिकेतील सहसचिवही दिसू नयेत. पण घरात विजेची शेगडी लागली की ओठ फुटतात. याचे कारण साधे आहे. थंड हवेत पाणी मावते थोडे. तीच हवा तापविली की तिची तहान वाढते आणि ती मिळेल तेथून ओल शोषून घेते. सापास ऊब तर दिलीच पाहिजे. पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर असली पाहिजे, नाहीतर त्याचे अन्नही पचत नाही. म्हणजे ऊब द्यावी तर ओल जाते, आणि ओल राखावी तर ऊब जाते. वित्त विभाग आणि कार्यकारी विभाग यांच्यामध्ये आयुष्य काढलेल्या माणसास ही कोंडी अगदीच अनोळखी नव्हती. पेटीची जाळी आम्ही बरीचशी झाकली, पाणी शिंपडले, शेवाळ भिजविले. तरी त्या आठवड्यात आर्द्रतामापकाचा काटा चाळिशीच्या खाली जाऊन बसला, आणि लाडू शेवाळाच्या डबीत न जाता उबेच्या बाजूसच पडून राहिला.

एका सकाळी पाहिले तो कात निघालेली होती, पण तुकड्यातुकड्यांनी. पेटीभर वाळक्या कांद्याच्या साली पसराव्यात तसे दृश्य. लाडूच्या अंगावर मध्येच करडे ठिगळ होते, शेपटीच्या टोकाशी जुन्या कातीचे एक कडे आवळून बसले होते, आणि उजवा डोळा काळाभोर चमकत असताना डावा मात्र मळक्या काचेसारखा, सुरकुतलेला दिसत होता. डोळ्यावरचा जुना खवला निघालाच नव्हता.

अंगावरच्या ठिगळाने सापाचे फारसे बिघडत नाही. कड्याने बिघडते. ते वाळत जाते तसे आवळत जाते, सुजलेल्या बोटात अडकलेल्या अंगठीप्रमाणे रक्त अडवते, आणि वेळीच न काढल्यास टोक सुकून गळून पडते. डोळ्याचे त्याहून नाजूक. जुना खवला आणि नवा खवला हे एकमेकांस चिकटलेले असतात. जुना काढावयास जाऊन नव्यास धक्का लागला तर खालचा डोळा उघडा पडतो, आणि उघडा पडलेला डोळा बहुधा जातो.

दिल्लीत दूध महाग आहे, भाजी महाग आहे, पण सल्ला अजूनही विनामूल्य मिळतो. शेजारचे गृहस्थ लखनौकडचे. ते म्हणाले, मोहरीचे तेल चोळा, केंचुली आपोआप सुटेल. आमच्या वाहनचालकाने चिमट्याची शिफारस केली. कोणी चिकटपट्टी लावून उचलण्याची युक्ती सुचविली. सौ. चष्मा लावून पेटीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, कडेला जरासे सुटलेच आहे ते. नखाने धरले तर अलगद येईल." खरे सांगावयाचे तर आमचीही बोटे शिवशिवत होती. सुटत आलेली खपली, निघत आलेले तिकीट, अर्धवट फाटलेला लखोटा; यांना हात न लावता राहणे मनुष्यस्वभावास जड जाते.

कन्या तेव्हा बंगळूरला होती. दूरध्वनीच्या पडद्यावर तिने लाडूचा डोळा पाहिला, पुन्हा जवळून पाहिला, आणि मग एकच वाक्य म्हणाली, "बाबा, काही झाले तरी ओढू नका."

तिने सांगितली तशी आम्ही कृती केली. झाकणास भोके पाडलेली एक मोठी प्लॅस्टिकची पेटी घेतली. आमचे दोन जुने पंचे कोमट पाण्यात बुडवून पिळले. पाणी हातास ना गरम ना गार लागावे, एवढेच कोमट. त्यांच्यामध्ये लाडूस ठेवून झाकण लावले आणि पेटी उबदार खोलीत अर्धा तास ठेवली. तेल नाही, साबण नाही. अर्ध्या तासाने त्यास ओल्या पंचाच्या घडीतून सरकू दिले. पंचा आम्ही सैल हाताने धरायचा आणि चालायचे त्याने, हा या कृतीतला मुख्य मुद्दा. दोन-तीन खेपांत अंगावरचे ठिगळ मऊ होऊन पंचास चिकटून आले. शेपटीच्या कड्यावर ओला कापूस पाव तास धरला, आणि मग अंगठ्याने ते टोकाच्या दिशेने हळूहळू लोटले. बांगडी काढणाऱ्या कासाराप्रमाणे आम्ही श्वास रोखून होतो. कडे निघाले. खालची कातडी ताजी, रंग शाबूत. सौ.नी देवापुढे साखर ठेवली.

डोळा राहिला.

सापांवर उपचार करणारे पशुवैद्य दिल्लीसारख्या शहरातही मोजकेच. त्यांतल्या एकांकडे आम्ही लाडूस कापडी पिशवीत घालून, पिशवी उबदार पेटीत ठेवून घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून डोळा पाहिला, खवल्यांच्या खाली बारीक गोचिडी नाहीत ना हे पाहिले, तोंड उघडून पाहिले, वजन केले. मग म्हणाले, "डोळा आतून ठीक आहे. आता काही करायचे नाही. दमटपणा वाढवा आणि पुढच्या कातीची वाट पाहा. तिच्याबरोबर हाही निघेल. न निघाल्यास पुन्हा या."

"पुढची कात केव्हा?"

"दीड-दोन महिन्यांत. आम्ही सांगून काही होत नसते. ते तो ठरवतो."

नोकरीच्या तीस वर्षांत आम्ही असंख्य टिपणींवर शेरे मारले. 'तातडीने कार्यवाही करावी', 'विलंबाची कारणे द्यावीत', 'अहवाल सादर करावा'. 'काहीही न करता, लक्ष ठेवून, वाट पाहावी' असा शेरा मारल्याचे आम्हांस स्मरत नाही. आणि नुसते काही न करणे वेगळे. ते तर आमच्या खात्यास चांगले साधलेले आहे. येथे रोज सकाळ-संध्याकाळ काटा पाहावयाचा होता, शेवाळ भिजवावयाचे होते, पाणी बदलावयाचे होते, शेगडीपासून पेटी दूर हलवावयाची होती, आणि ज्या एका गोष्टीसाठी हात शिवशिवतात ती तेवढी करावयाची नव्हती. अशा प्रतीक्षेस किती काम असते हे आम्हांस त्या हिवाळ्यात समजले.

त्या काळात पेटीपाशी बसलो असता आमचे मन वारंवार मागील एका उन्हाळ्याकडे जाई. कन्या पदवीनंतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसत होती. ही इच्छा तिची किती आणि आमची किती याचा हिशेब घरात कोणी मांडला नव्हता. अधिकाऱ्यांच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांच्या अंगावर ती इच्छा जन्मतःच चढते. दुसऱ्या खेपेसही मुख्य परीक्षेत नाव आले नाही, तेव्हा ती तीन आठवडे आपल्या खोलीत होती. जेवणाकडे लक्ष नाही, कोणी बोलल्यास चिडून उत्तर, पडदे ओढलेले. नातेवाईक पुण्याहून, नागपूरहून फोन करीत आणि आम्हांस सांगत, बाहेर काढा तिला, तिसऱ्या खेपेचा अर्ज भरून टाका, नाहीतर एखादे स्थळ पाहा. तेव्हा मातोश्रींनी सर्वांना बजावले होते, "तिच्या दाराशी कोणी जायचे नाही. ताट ठेवा आणि मागे फिरा." पण त्याच मातोश्री रोज संध्याकाळी तिला हाक मारून, "मला बाजारापर्यंत ने, मला एकटीला जमत नाही," असे म्हणून अर्धा तास बाहेर नेत, आणि वाटेत तिच्याशी भाजीच्या भावावरून यथेच्छ भांडत. ओल आणि खरखर हे शब्द त्यांनी तेव्हा वापरले नव्हते. पुढे एके दिवशी कन्या स्वच्छ डोळ्यांनी जेवणाच्या मेजापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मी परीक्षा सोडली. मला शिकवायचे आहे." आता ती बंगळूरच्या एका शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवते. भाड्याच्या खोलीत सापाची परवानगी नाही, म्हणून लाडू आमच्याकडे.

तिची कात एकसंध निघाली. आमचे तसे नाही. तिसऱ्या खेपेस ती निश्चित निवडली गेली असती, या विचाराचा एक तुकडा आमच्या अंगावर अजून कोठेतरी चिकटून आहे. वसाहतीत कोणाचा मुलगा प्रशिक्षणासाठी मसुरीस निघाला की तो ओढ देतो. तो आम्ही खरवडून काढावयास जात नाही. तिच्या पत्रांतून ओल मिळते, तिच्याशी होणाऱ्या वादांतून खरखर मिळते. निघेल तेव्हा निघेल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लाडूचे पोट गुलाबी झाले. दोन दिवसांत डोळे दुधाळ झाले, डावा उजव्याहून गडद. या खेपेस तो आपण होऊन शेवाळाच्या डबीत गेला आणि नाकाचे टोक तेवढे भोकाशी ठेवून पडून राहिला. शेगडी केव्हाच बंद झाली होती, काटा सत्तरावर होता. घरात सर्वजण उगाचच हळू बोलू लागले. पाचव्या दिवशी डोळे निवळले. डाव्याविषयी निश्चित काही सांगता येईना. नवव्या दिवशी पहाटे पेटीतून दगडावर कागद घासल्यासारखा आवाज आला. आम्ही दिवा लावला नाही. उजाडल्यावर पाहिले, मातोश्रींच्या दगडाभोवती एक वळसा घेऊन ती पडली होती. एकसंध, ओलसर, शेपटीच्या टोकापर्यंत पुरी.

कात निघाली की साप पाहण्याआधी कात पाहावी, असे कन्येने बजावलेले होते. डोक्याचा भाग आम्ही खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या डोळ्याच्या जागी एक लहानसे स्वच्छ भिंग होते. डाव्याच्या जागी जाड, किंचित पिवळट भिंग होते, आणि नीट पाहता त्याचे पदर दोन होते. एक जानेवारीचा, एक मार्चचा. सौ.नी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. मग आम्ही लाडूकडे वळलो. दोन काळे, ओले, सारखे डोळे आमच्याकडे पाहत होते. पशुवैद्यांनी त्याच आठवड्यात तपासून निर्वाळा दिला. बंगळूरला छायाचित्र गेले, आणि मधल्या सुट्टीत कन्येचे उत्तर आले. त्यात एकही शब्द नव्हता, टाळ्या वाजविणारे हात तेवढे होते.

दुपारी आम्ही फूटपट्टी घेतली. लाडू तीन फूट चार इंच. कात चार फूट भरली. मातोश्रींना हे पटेना. त्यांनी पुन्हा मोजावयास लावले. पुन्हा चार फूट. याचेही कारण साधे आहे. सापाच्या अंगावर दोन खवल्यांच्या मध्ये कातडीची बारीक घडी असते. अंगावर असताना ती दिसत नाही. कात उलटी होऊन निघते तेव्हा सगळ्या घड्या उलगडतात, आणि टाकलेले टाकणाऱ्यापेक्षा लांब भरते. बृहदारण्यक उपनिषदात वारुळावर पडलेल्या निर्जीव कातीची उपमा मुक्त पुरुषाने मागे टाकलेल्या देहास दिली आहे. उपमा जाणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहे, त्यास मागे वळून पाहण्याचे कारण नाही. पण ती हातात धरून उभे राहणाऱ्यास घड्या दिसतात. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणाऱ्या आम्हां लोकांना हे अधिक समजावे. बदलीचा हुकूम आला की खोकी मोजून भरतो आणि वाटते, सारे उचलले. मग कोठेतरी पाटण्याच्या किंवा भुवनेश्वरच्या बिऱ्हाडातल्या एका दुपारची घडी अचानक उलगडते आणि लांबत जाते.

कात मातोश्रींनी मागून घेतली आणि जुन्या पंचांगात घालून ठेवली. लाडूने साडेतीन आठवड्यांचा उपास त्याच रात्री सोडला.